गाळ टाकायचा नाही

कृष्णातनं माझ्यावर बाटली बदलल्याचा आळ घेतला, ते साल सेहेचाळीस. आज इतकी वर्षं झाली, तरी ते आठवलं की माझ्या अंगाची लाहीलाही होते. मग त्याच्या पुढचं आठवतं आणि राग कुठल्या कुठं जातो. म्हणून आधी रागाचंच सांगून टाकतो.

सांगलीला नदीकडं जाणाऱ्या वाटेवर एक दवाखाना होता. मी तिथं कागद लिहायला होतो. वडिलांचं म्हणणं होतं की जैनाच्या पोरानं दुकानात बसावं, पण माझं अक्षर मोत्यासारखं होतं आणि त्याचा मला भारी गर्व. आलेल्या रोग्याचं नाव-गाव लिहायचं, डॉक्टर सांगतील ती चिठ्ठी लिहायची, तपासायला जाणाऱ्या बाटल्यांवर नावं चिकटवायची, हे माझं काम. त्या बाटल्या मागच्या खोलीत कृष्णातकडं जायच्या. रक्त, थुंकी, लघवी, कापलेल्या गाठी, सगळं तपासायचं काम त्याच्याकडं. सूक्ष्मदर्शकाला तो दुर्बीण म्हणायचा, आणि डोळा लावायच्या आधी ती दुर्बीण तरी खरं दाखवते का, याचा त्याला संशय असायचा.

संशय हा त्याचा धर्म. चहा आला की आधी वास घेणार, मग बशीत ओतून रंग बघणार, मग मला म्हणणार, "आण्णा, तुमी प्या आधी." दवाखान्यातलं घड्याळ तो मानायचा नाही. कुणी सहज विचारलं, "काय तात्या, बरं हाय न्हवं?" की हा लगेच वळून, "का? काय ऐकलं तुमी?" लोक हसायचे. मीही हसायचो, माझ्यावर येईपर्यंत.

तो विट्याकडचा. तिकडची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात परमुलखात जातात, तसा हाही चुलत्याबरोबर मद्रासला गेला होता. सोनारांकडची जुनी मोड मुशीत घालून वितळवायची, तेजाबात धुवायची आणि चोख सोनं काढून द्यायचं. पंधरा वर्षं तेजाबाच्या धुरात बसून छाती पिंजली, तेव्हा खोकत खोकत परत आला. आमच्या डॉक्टरांनी त्याला बरं केलं, बाटल्या धुवायला ठेवलं, आणि हळूहळू सगळं शिकवलं. मी एकदा त्याला विचारलं, "तात्या, माणसानं इतकं संशयी का असावं?" तो म्हणाला, "आण्णा, खोटं सोनं हाय म्हणून कुणी गलाईवाल्याकडं येत न्हाई. येणारा परत्येक जण म्हणतो, चोख हाय."

तिथलीच आणखी एक सवय त्यानं आणली होती. गलाईच्या दुकानात काही टाकत नाहीत. झाडलेली माती, हात धुतलेलं पाणी, संध्याकाळी घरी जाताना तळपाय धुतात तेसुद्धा पाणी हंड्यात साठवतात. ते निवलं की तळाला गाळ बसतो आणि गाळात सोन्याचा कण सापडतो. आमच्या दवाखान्यातही तो कुठल्या बाटलीचा गाळ टाकायचा नाही. फळी भरून बाटल्या उभ्या. डॉक्टर चिडायचे, "कृष्णात, हे काय दुकान मांडलंय?" हा मान खाली घालून म्हणायचा, "साहेब, गाळ टाकायचा न्हाई."

कार्तिक महिन्यात एका सकाळी मिरजेकडून टांगा आला. त्यातून एक माणूस उतरला, आणि मागं एक बाई. कोरेगावच्या पलीकडच्या गावचे, आदल्या रात्रीच्या रेल्वेनं आलेले. माणूस माझ्या मेजाजवळ आला. नाव सांगितलं नानासो. बाई त्याची भावजय, भामाबाई, वय पस्तिशीचं.

"नवऱ्याचं नाव?" मी विचारलं.

"भाऊ ऱ्हायला न्हाई. पलटणीत हुता. चव्वेचाळीस साली इटलीत पडला." मग तो मेजावर वाकला. "आण्णा, आमास्नी एकच लिवून पायजे. हिच्या पोटात काय हाय?"

मी बाईकडं बघितलं. खांबाला टेकून उभी होती. डोक्यावरचा पदर गळ्याभोवती घट्ट लपेटून खोचलेला, चेहऱ्याचा तेवढा तुकडा दिसत होता. आणि पोट सातव्या महिन्याचं असावं तसं पुढं आलेलं. नवऱ्याला जाऊन दोन वर्षं झालेली बाई. माझ्या मनात काय आलं ते सांगायला लाज वाटते, पण तेच आलं.

नानासोनं सगळं सांगितलं. भामाबाईची मुलगी लीला, पंधरा वर्षांची. तिचं लग्न रहिमतपुरात ठरलं होतं. दिवाळीच्या आधीपासून आईचं पोट दिसायला लागलं. पाणवठ्यावर बायका बोटांवर महिने मोजायला लागल्या. रहिमतपूरकरांनी निरोप धाडला, की आधी विहीणबाईच्या पोटाचं काय ते कळू द्या, मग बघू. गावची चार माणसं बसली आणि म्हणाली, डॉक्टरचं लिहून आणा. चांगलं लिहून आलं तर लग्न होईल. नाहीतर पोरीचं लग्न मोडलं आणि आईला घराचा उंबरा बंद.

एवढं सगळं तिच्यासमोर बोलला. ती एकदाच बोलली. "भावजी, माझं म्या सांगून झालंय. आता डाक्टरच सांगतील."

डॉक्टरांनी तपासलं. बरोबर आमची आया चंद्राबाई होती. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "मूल वगैरे काही नाही. पोटात पाणी झालंय. बहुतेक क्षयाचं." मग जाड सुई आणि नळी लावून त्यांनी पाणी काढलं. बादली भरली. एक बाटली कृष्णातकडं गेली, तिच्यावर नाव मी चिकटवलं. अर्ध्या-पाऊण तासानं भामाबाई स्वतःच्या पायांनी बाहेर आली. पोट सपाट. कितीतरी दिवसांनी पुरता श्वास मिळाल्यासारखी ती उभी होती.

लिंबाखाली बसलेला नानासो तिला बघून उठला. तिच्या पोटाकडं बघतच राहिला. "पोट कुठं गेलं?"

डॉक्टरांनी त्याला समजावलं. तो मान हलवत होता, पण एक अक्षर आत जात नव्हतं हे मला दिसत होतं. डॉक्टरांनी मला चिठ्ठी सांगितली आणि दुसऱ्या रोग्याकडं वळले. टांगेवाला दारात ओरडत होता, गाडी चुकेल म्हणून. मी भराभरा लिहिलं, डॉक्टरांनी न वाचता सही केली. नानासोनं ती घडी घालून खिशात ठेवली. चार दिवस राहा, असं डॉक्टर सांगत होते, ते त्यानं ऐकलं नाही. "काम झालं," म्हणाला.

चार दिवसांनी कृष्णातनं मला मागच्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"आण्णा, ह्या बाटलीची चिठ्ठी कुणी लावली?"

"मी. माझं अक्षर ओळखत नाहीस?"

"अक्षर वळकतो. बाटली वळकत न्हाई." त्यानं मला दुर्बिणीत बघायला लावलं. जांभळ्या ठिपक्यांची गोल गोल रिंगणं दिसली, बांगड्या मांडून ठेवल्यासारखी, आणि प्रत्येक रिंगणाच्या आत गुलाबी खळ भरलेली. मला त्यातलं काही कळेना.

त्यानं सांगितलं ते असं. त्या पाण्याचा गाळ त्यानं बसू दिला होता. गाळाची गोळी करून फॉर्मालिनमध्ये टणक केली, मेणात बसवली, वस्तऱ्यानं कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून रंगवले. अशी रिंगणं त्यानं आधी बघितली होती, पण ती गळ्याच्या गाठीत. आमचे डॉक्टर गलगंडाच्या गाठी काढायचे, त्यांचे काप हाच करायचा. "ही गळ्यातली चीज हाय. पोटाच्या पाण्यात हिचं काय काम? गेल्या आठवड्यात बुधगावच्या बाईची गाठ काढली. तुमी चिठ्ठ्यांची अदलाबदल केली."

मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. आठ वर्षं मी चिठ्ठ्या लावत होतो, एकदा चूक झाली नव्हती. गाठ कुठं, पाणी कुठं! आंधळासुद्धा बदलणार नाही. तो शांतपणे म्हणाला, "समदे तसंच म्हणत्यात." मी दार आपटून बाहेर पडलो आणि तीन दिवस त्याच्याशी बोललो नाही.

त्या तीन दिवसांत त्यानं स्वतःवर संशय घेतला. वस्तऱ्याला बुधगावच्या गाठीचा कण चिकटून राहिला असेल, म्हणून नवा वस्तरा आणला. जुनं मेण फेकलं. भांडी उकळली. शिल्लक गाळाची नवी गोळी करून पुन्हा कापली. पुन्हा तीच रिंगणं. मग तो डॉक्टरांकडं गेला. मला बोलावलं नव्हतं, तरी मी दारात जाऊन उभा राहिलो, माझी अब्रू होती.

डॉक्टर आधी हसले. मग दुर्बिणीवर वाकले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. "गळ्याच्या ग्रंथीचा कर्करोग असला तर तो कुठंही जाऊ शकतो," ते म्हणाले. "पोटात जाणं मी कधी बघितलं नाही. पण तिच्या गळ्याला गाठ कुठं होती?"

"तुमी बगितला गळा, साहेब?"

चंद्राबाई भिंतीजवळून म्हणाली, "बाईनं पदर सोडलाच न्हाई. म्या दोनदा म्हणले. पोट दावलं, पर गळ्याचा पदर घट धरून हुती."

डॉक्टर मोठे माणूस. सरळ म्हणाले, "नाही बघितला. माझी चूक."

त्यांनी भामाबाईला परत घेऊन येण्याबद्दल पत्र धाडलं. उत्तर नाही. दुसरं धाडलं, तेही गडप. तिसऱ्या आठवड्यात कृष्णात माझ्यासमोर उभा. "टपाल पोचलं कशावरून? आपुन जाऊ. मला दुसरी बाटली पायजे. आणि तुमी बरोबर चला, म्हंजे चिठ्ठीचा घोळ नको." माफी मागायला आलाय असं मला क्षणभर वाटलं होतं. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच. तरी मी गेलो, कारण तिचं पोट सपाट झालेलं बघताना नानासोचा चेहरा मला झोपेतसुद्धा दिसत होता.

कोरेगावला उतरून दोन कोस चाललो. पारावर पाच-सहा माणसं बसली होती. "कुठलं पावणं?"

"सांगलीच्या दवाखान्यातनं आलोय," कृष्णात म्हणाला.

मग एक म्हातारा तपकीर ओढून म्हणाला, "आता काय ऱ्हायलंय काढायचं?"

मला काही उमजेना. तेवढ्यात नानासो आला. रामराम नाही, काही नाही. त्यानं खिशातनं माझी चिठ्ठी काढली, घड्यांवर फाटायला आली होती, आणि सगळ्यांसमोर वाचली. "सदर बाईच्या पोटात साचलेले काढून टाकले आहे. गर्भ नाही."

मी म्हणालो, "साचलेलं पाणी."

"कुठं हाय पानी? दावा."

मी कागद हातात घेतला. माझंच अक्षर, मोत्यासारखं. "साचलेले" नंतर "पाणी" असायला हवं होतं. ते नव्हतं. टांगेवाला ओरडत होता, मी घाईत होतो, आणि तो एक शब्द राहून गेला होता. पोटात साचलेले काढून टाकले. आता गर्भ नाही. गावानं त्याचा जो अर्थ लावला तो लावण्यावाचून त्यांना दुसरा इलाज नव्हता. पोट घेऊन गेली, पोट टाकून आली, आणि तसा दाखलाही डॉक्टरच्या सहीनं आणला.

बाटली बदलल्याचा आळ आला म्हणून मी तीन दिवस फणफणत होतो. आणि खरी चूक मी त्या आळाच्या चार दिवस आधीच करून बसलो होतो.

कृष्णात माझ्याकडं बघत होता. आता हा सगळ्यांसमोर माझी सालटी काढणार असं वाटलं. तो काहीच बोलला नाही. मीच बोललो. "चूक माझी आहे. पाणी हा शब्द राहिला. बाईच्या पोटात पाणीच होतं. मी डोळ्यांनी बादली बघितली."

"ईस दिसांनी शबुद आठवला व्हय?" एक जण म्हणाला. दुसरा आम्हा दोघांना वर-खाली न्याहाळून म्हणाला, "ह्यातला कोण म्हणायचा?" आणि सगळे हसले. त्या पोटाचा बाप ते आमच्यात शोधत होते.

कृष्णातनं डोक्याची टोपी काढून झटकली. "घ्या, संशय घ्या. म्या सोता जल्मभर दुसरं काय केलं न्हाई. पर घेतला तर शेवटपतुर घ्यावा. आर्ध्यावर सोडू नये. बाई कुठं हाय?"

बाई गोठ्यात होती. घरात घेतली नव्हती. सासू राहीबाई दोन वेळा भाकरी गोठ्याच्या उंबऱ्यावर ठेवून जायची, लीला चोरून येऊन आईजवळ बसायची. नानासो वीस दिवसांत तिकडं फिरकला नव्हता. आम्ही आत गेलो. म्हशीच्या पलीकडं पेंढ्यावर बसलेली भामाबाई दाव्याच्या खुंट्याला धरून उठली.

पोट पुन्हा आलेलं होतं. पहिल्याइतकंच, कदाचित जास्तच.

ती नानासोकडं बघून हसली. धाप लागत होती, तरी हसली. "बगा भावजी, आलं परत."

नानासोचं तोंड उघडंच राहिलं. कृष्णात त्याला म्हणाला, "कुठल्या बाईला ईस दिसात सातवा म्हयना लागतो, सांगा की! म्हशीला तरी लागतो का?" म्हातारी राहीबाई पुढं आली आणि सुनेच्या पोटाला हात लावला. वीस दिवसांत पहिल्यांदा.

"आता मान दावा, बाई," कृष्णात म्हणाला.

तिचं हसू गेलं. ती मागं सरकली, दोन्ही हात गळ्याकडं गेले. पोटावरनं गावानं इतकं बोलून घेतलं तरी डोळ्यात पाणी नव्हतं, ते आता आलं. "ते नगं."

"का गं?" राहीबाईनं विचारलं. म्हातारीनं स्वतःच पदराचं टोक धरून सोडवलं. गळ्याच्या मधोमध, थोडी डाव्या अंगाला, लिंबाएवढी गाठ होती.

"लगीन ठरलं तवा सुपारीएवढी हुती," भामाबाई सासूकडं न बघता सांगू लागली. "आई म्हणाली, बगायला आल्यात त्यास्नी दिसली तर मोडंल. तिनं तिची ठुशी माझ्या गळ्यात घट बांदली. कवा सोडू नगं म्हणाली. ह्यांस्नी ठावं हुतं. त्ये हसायचं, म्हणायचं, असू दे. त्ये गेलं, तवा ठुशी उतरली. मग पदर घेतला." थोडं थांबून म्हणाली, "अलीकडं वाढली. गिळाया तरास हुतोय. पर सांगायची कुणाला?"

विधवा झाल्यावर हिनं गळा झाकायला सुरुवात केली, तेव्हापासूनच गावात कुजबूज होती, काय लपवते म्हणून. ती गाठ लपवत होती. राहीबाई पेंढ्यावर मटकन बसली. "अठरा वर्सं माझ्या हाताखाली नांदलीस गं," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला सांगलीला आणलं. नानासो बरोबर होता. पाणी काढायच्या वेळी तो बाहेर लिंबाकडं निघाला, तर कृष्णातनं त्याचा दंड धरला. "आत चला. डोळ्यांनी बगा. परत म्हणाल, काय केलं आत." डॉक्टरांनी मान डोलावली. नानासो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. नळीतून पिवळसर पाणी बादलीत पडायला लागलं, अर्धा तास पडत राहिलं. पोट हळूहळू उतरत होतं. बादली भरत आली तेव्हा नानासो खाली बसला, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून, "वैनी, वैनी," एवढंच म्हणत राहिला.

बाटलीवर नाव मी लिहिलं आणि कृष्णातनं स्वतः चिकटवलं. पुन्हा नवा वस्तरा, नवं मेण. तीच रिंगणं, तीच गुलाबी खळ. डॉक्टरांनी एक काच मुंबईला त्यांच्या गुरूंकडं धाडली. आठ दिवसांनी उत्तर आलं, की निदान बरोबर आहे, गळ्याच्या ग्रंथीचा कर्करोग पोटात उतरला आहे.

डॉक्टरांनी तिच्यापासून काही लपवलं नाही. यावर औषध नाही. पाणी परत भरेल, काढता येईल, तेवढा श्वास मोकळा होईल. काही महिने. भामाबाई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजे हे मूल न्हवं, असं मुंबईनं बी लिवलंय?"

"हो, बाई."

"मग झालं." आणि तिनं हात जोडले.

कृष्णात तिथून उठून बाहेर नळावर गेला. मी मागं गेलो तर डोळ्यांवर पाणी मारत होता. म्हणाला, मद्रासच्या तेजाबानं डोळे अजून चुरचुरतात. मी म्हणालो, असेल.

मी नवी चिठ्ठी लिहिली. पाणी हा शब्द दोनदा लिहिला, खाली रेघ ओढली. ती देवळात वाचली, रहिमतपूरलाही गेली. नानासोनं जाऊन स्वतः सांगितलं. माघातला मुहूर्त धरला. लग्नाआधी चार दिवस भामाबाईनं पाणी काढायला सांगलीला यायचं ठरलं होतं. तिची वाट बघितली. ती आली नाही. आमंत्रण मात्र आलं, नानासोच्या हातचं. आम्ही दोघं गेलो.

मांडवात मागच्या बाजूला, खांबाला टेकून ती बसली होती. आडवं होता येत नव्हतं, इतकं पोट भरलेलं. पायावर सूज. एक एक शब्दाला धाप. आणि पदर फक्त डोक्यावर, गळा उघडा. मी तिच्याजवळ जाऊन बसलो. "आला का नाहीत? किती त्रास काढलात. लग्नात जरा सुखानं बसला असता."

"आण्णा, तुमची चिठ्ठी वाचली समद्यांनी," ती म्हणाली. "पर म्हागली बी चिठ्ठीच हुती न्हवं."

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोसलं असतं.

"रिकामं पोट घिऊन बसले असते, तर बायांनी परत बोटं मोजली असती. परत कुठं टाकून आली म्हणल्या असत्या. कार्तिकात हुतं, माघात बी हाय, आन् बाळ न्हाई. आता बगू द्या. लीलाचं लगीन लागूस्तवर बगू द्या."

आणि बायका येत होत्या. पाणवठ्यावर महिने मोजणाऱ्या त्याच बायका. कुणी पाणी विचारायच्या निमित्तानं, कुणी नुसतीच. बघून जात होत्या. एक-दोघींनी पोटाला हात लावला आणि डोळे पुसले. ती प्रत्येकीला नीट बघू देत होती. अठरा वर्षांपूर्वी लग्न मोडू नये म्हणून झाकून बसली होती, आता लेकीचं मोडू नये म्हणून उघडी बसली होती. मंगलाष्टकं सुरू झाली. मी अक्षता टाकल्या. कृष्णातची मूठ तशीच मिटलेली. तो टक लावून नवरीच्या गळ्याकडं बघत होता. लीलाच्या गळ्यात ठुशी नव्हती, आईनं घालू दिली नव्हती. मान मोकळी होती आणि सपाट होती. दोनदा वाकून बघून खात्री झाल्यावर त्यानं अक्षता टाकल्या, तोवर इतरांचं टाकून झालं होतं.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी नानासो तिला घेऊन सांगलीला निघाला. कऱ्हाडच्या पुढं गाडीतच ती गेली. दवाखान्यात तिच्या नावाची आणखी बाटली आली नाही.

कृष्णातनं माझी माफी शेवटपर्यंत मागितली नाही, आणि मीही त्याच्यापाशी त्या राहिलेल्या शब्दाचा विषय काढला नाही. एवढंच, की त्यानंतर मी लिहिलेली कुठलीही चिठ्ठी डॉक्टरांच्या सहीआधी मागच्या खोलीत न्यायचो. "वाच तात्या," म्हणायचो. तो कागद उजेडात धरायचा, बोट ठेवून एक एक शब्द वाचायचा, उलटून मागंही बघायचा. बाहेर रोगी खोळंबलेले असायचे, टांगेवाले ओरडत असायचे. मी उभा राहायचो.